गाव की शहर? घर रविवारी नव्हे, मंगळवारी बघा

घर बघायला माणूस रविवारी जातो. सुट्टी असते, रस्ते मोकळे असतात, पोट भरलेलं असतं, घाई कशाचीच नसते. आम्हीही तसेच गेलो. गावाच्या टोकाला सुटं घर, पुढे अंगण, अंगणात एक थोराड झाड आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर शेतं. आई ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "किती शांत आहे रे इथे." झालं, ठरलं. मंगळवारी सकाळी सव्वासातला या घरातून कोण, कुठे आणि कशाने जाणार, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. नशिबाने घर भाड्याचं होतं. विकत घेतलं असतं तर हे लिहायच्या मनःस्थितीत मी नसतो.

नव्या भागात राहायला जायचंय आणि गावात राहावं की गजबजलेल्या शहरात यावर घरात खल चालू आहे, अशांसाठी हे लिहितोय. कारण नोकरीचं असो, निवृत्तीचं असो, नाहीतर नुसता कंटाळा आलेला असो. "गावात शांतता, शहरात सोयी" हे वाक्य तेवढं बाजूला ठेवा. ते अगदीच खोटं नाही, पण त्यावरून घर ठरवता येत नाही.

पायरी 1: मंगळवार कागदावर उतरवा

मंगळवारच का? सोमवार जरा विशेष असतो, शुक्रवारी माणूस अर्धा सुट्टीत गेलेला असतो. मंगळवार हा आठवड्यातला सगळ्यात साधा, बिनचेहऱ्याचा दिवस. आयुष्य बहुतेक मंगळवारांचंच बनलेलं असतं.

एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक ओळ करा आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तो माणूस कुठे कुठे जातो ते लिहा. शाळा, ऑफिस, क्लास, व्यायाम, दवाखाना, वाचनालय, मित्राकडे, दळण, औषधं, झेरॉक्स. मग नव्या घरापासून प्रत्येक ठिकाण किती लांब आहे ते लिहा, पण किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत. गावाकडचे 12 किलोमीटर पंधरा मिनिटांत संपू शकतात आणि शहरातले 4 किलोमीटर पाऊण तास खाऊ शकतात. नकाशावरचं अंतर या कामाला निरुपयोगी आहे.

आता बेरीज. समजा कामाचं ठिकाण 25 किलोमीटरवर आहे आणि एका बाजूला 40 मिनिटं लागतात. महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर 1,100 किलोमीटर आणि 29 तासांहून जास्त वेळ होतो. म्हणजे महिन्यातले साडेतीन-चार पूर्ण कामाचे दिवस तुम्ही रस्त्यावर काढता. हे वाईटच आहे असं नाही. पण भाड्यात वाचणारे पैसे या 29 तासांच्या शेजारी लिहून बघितल्याशिवाय "गावात स्वस्त पडतं" असं म्हणू नका.

चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या वाहनांच्या जमान्यात माणसं रोजच्या जाण्यायेण्याला साधारण तासभरच देत आली आहेत. वाहन वेगवान झालं की माणूस लांब राहायला जातो, वेळ तेवढाच राहतो. तुमच्या कागदावरची बेरीज दिवसाला तासाच्या फार पुढे जात असेल, तर तुम्ही बहुतेकांच्या सवयीपलीकडचं काहीतरी ठरवताय एवढं लक्षात असू द्या. ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या पाहणीची आकडेवारी तपासली, तेव्हा लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. चांगलं घर किंवा चांगला पगार मिळूनही ती तूट पुरती भरून निघत नव्हती. घराचं कौतुक दोन महिन्यांत ओसरतं. रस्ता मात्र रोज तेवढाच लांब असतो.

घरून काम करणाऱ्यांनी ही पायरी वगळायची नाही. तुमचा प्रवास वाचला, घरातल्या बाकीच्यांचा नाही.

पायरी 2: जो गाडी चालवत नाही, त्याचं मत दोनदा मोजा

माझी चूक इथे झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

घर कुठे घ्यायचं हे बहुतेक घरांत गाडी चालवणारा माणूस ठरवतो. त्याला 6 किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, किल्ली फिरवली की झालं. पण घरात तेरा वर्षांची मुलगी असते, सत्तरीची आई असते, गाडीची भीती वाटणारा कुणी असतो. त्यांच्यासाठी तेच 6 किलोमीटर म्हणजे "कुणी मोकळं झालं की जाऊ".

आम्ही राहायला गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात आईच्या चष्म्याचा बारीक स्क्रू पडला. शहरात असताना ती खाली उतरून, कोपऱ्यावर जाऊन पाच मिनिटांत काम करून आली असती. इथे तिने काडीला पांढरा दोरा गुंडाळला आणि चार दिवस तशीच वाचत बसली. मला बोलली नाही. मी शनिवारी दुपारी समोर बसलो तेव्हा तो दोरा दिसला. विचारलं तर म्हणाली, "तू आधीच दमून येतोस, त्यात हे कुठे सांगू."

मला तेव्हा कळलं की गावातली शांतता मला मिळाली होती आणि तिचा हिशेब आईच्या नावावर चालला होता. मी सकाळी बाहेर पडायचो, चार माणसांत वावरायचो, संध्याकाळी शांततेत परत यायचो. तिला शांततेतून बाहेर पडायला रस्ताच नव्हता. बस होती, पण थांबा दीड किलोमीटरवर, वाटेत सावली नाही.

म्हणून नियम असा करा. घरातल्या न चालवणाऱ्या प्रत्येकाला नव्या घरापासून एकट्याने, कुणाला न विचारता, पायी किंवा बसने, किमान तीन ठिकाणी जाता आलं पाहिजे. कुठली तीन, ते त्यांनी सांगायचं. तुम्ही त्यांच्या वतीने "तुला काय लागतं गं" असं म्हणायचं नाही. आणि बसचं वेळापत्रक कागदावर वाचून भागत नाही. शेवटची बस किती वाजता सुटते आणि ती खरंच येते का, हे थांब्यावर उभं राहून बघा.

शहराचीही इथे एक परीक्षा असते. गजबजलेल्या रस्त्यावर सगळं हाकेच्या अंतरावर असतं, पण मध्ये चार पदरी रस्ता असेल आणि तो ओलांडायला सोय नसेल, तर म्हाताऱ्या माणसाला समोरची बाग परमुलखात असल्यासारखीच. फुटपाथ चालण्याजोगा आहे का, इमारतीला लिफ्ट आहे का, ती बंद पडते तेव्हा काय करतात, हे विचारा.

पायरी 3: सगळ्यात वाईट रात्र

मंगळवार झाला. आता वर्षातून कधीतरी येणारी, किंवा कधीच न येणारी ती रात्र. दोन वाजलेत, पाऊस आहे, घरात कुणाच्या तरी छातीत दुखतंय.

आकडे कडू आहेत, पण माहीत असू द्यावेत. हृदय बंद पडलं आणि छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची क्रिया किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. त्यामुळे नुसता "दवाखाना किती लांब" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते असं: रात्री सीटी स्कॅन चालू असणारं रुग्णालय किती मिनिटांवर आहे? तिथे रात्री डॉक्टर जागेवर असतात की बोलवावे लागतात? रुग्णवाहिका बोलावली तर चालकाला आपलं घर सापडेल का?

घर पक्कं करण्याआधी एकदा रात्री स्वतः गाडी घेऊन ते अंतर कापून बघा. मी हे केलं, पण राहायला गेल्यावर केलं. मोबाइलच्या नकाशाने 22 मिनिटं सांगितली होती. प्रत्यक्षात 41 लागली. रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जाता जात नव्हती, आणि पुढच्या वळणावर गुरं रस्त्यातच बसली होती. नकाशाला गुरं दिसत नाहीत.

ज्यांच्या घरात डायलिसिस, वारंवार येणारा दमा, जोखमीचं बाळंतपण किंवा हृदयाचा जुना आजार आहे, त्यांना मी आडपडदा न ठेवता सांगतो: काही वर्षं शहरात राहा. गाव कुठे पळून जात नाही. बाकीच्यांनी, गावात असोत की शहरात, छाती दाबण्याचं प्रशिक्षण घ्यावं. एका दिवसाचं काम आहे.

पायरी 4: नळ, तार, टॉवर

शहरात पाणी येतं की नाही एवढंच विचारलं तरी बहुधा चालतं. गावात ते कुठून येतं, कुणाच्या मालकीचं आहे आणि त्यात काय आहे, हे तीनही विचारावं लागतं. विहीर किंवा बोअर असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. स्वच्छ दिसणं आणि गोड लागणं याला काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू अजिबात असता कामा नये. नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅम, फ्लोराइड दीड मिलिग्रॅम आणि आर्सेनिक 10 मायक्रोग्रॅम यांच्या वर जाऊ नये. शेतीच्या भागात नायट्रेट हमखास तपासून घ्या, कारण खत पाझरून खाली उतरतं आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. पाणी उकळून जिवाणू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक जात नाहीत; पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण उलट वाढतंच.

सांडपाणी कुठे जातं हेही बघा. सेप्टिक टँक असेल तर तो विहिरीपासून किती लांब आहे आणि शेवटचा कधी उपसला, हे विचारायला लाजू नका. दुसऱ्या प्रश्नावर मालक घुटमळला तर कधीच उपसलेला नाही असं समजा.

विजेसाठी एकच कसोटी. शेजारच्या तीन घरांत इन्व्हर्टर आहे का बघा. तिन्ही घरांत असेल तर कुणाला काही विचारायची गरज उरत नाही.

इंटरनेट तपासताना अंगणात नव्हे, ज्या खोलीत बसून काम करणार त्या खोलीत, दार लावून, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान तपासा. सगळं गाव त्या वेळी फोनवर असतं. डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा, कारण व्हिडिओ मीटिंगमध्ये तुमचा चेहरा त्याच वाटेने जातो. उपग्रहावरून मिळणारं इंटरनेट घेणार असाल तर उपग्रह कुठल्या कक्षेत आहे ते विचारा. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नलला वर जाऊन, खाली येऊन, उत्तर घेऊन परतायला अर्धा सेकंद सहज लागतो, आणि बोलताना दोघेही एकदम बोलायला लागतात. काहीशे किलोमीटर उंचीवरच्या, खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना ही अडचण फारशी नसते.

पायरी 5: शांतता आणि शुद्ध हवा, जरा तपासून

या दोन गोष्टींवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

गावात गोंगाट नसतो हे खरं नाही. वेगळा असतो. पहाटे चारला पंप सुरू होतो, हंगामात ट्रॅक्टर रात्रभर चालतो, कोंबड्याला घड्याळ कळत नाही आणि कुत्र्यांची सभा अडीचला भरते. फरक एवढाच की शहरातला आवाज सलग असतो आणि गावातला तुटक. काहींची झोप सलग आवाजात लागते आणि तुटक आवाजाने मोडते. तुम्ही कुठल्या जातकुळीचे आहात ते तुम्हालाच माहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी काढलेल्या शिफारशींत रस्त्याच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज 45 डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप फार अचूक नसतं, पण दोन खोल्यांची तुलना करायला पुरतं. शहरातही रस्त्याकडची खोली आणि मागच्या बाजूची खोली यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर.

हवेचंही तसंच. चूल, विटांची भट्टी, खडी फोडणारी मशिनं, शेतात पेटवलेला पाचोळा यांचा धूर गावातलाच. पिकांवरच्या फवारणीच्या दिवसांत वारा कुठल्या बाजूने येतो ते विचारा. घरात दमेकरी असेल तर स्वस्तातलं का होईना पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारं यंत्र आणून दोन-तीन दिवस ठेवा. वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत असावी हा 2021 पासूनचा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष इतका कडक आहे की जगातली बरीच शहरं आणि पुष्कळ गावंही त्यात बसत नाहीत.

उन्हाळ्यात मात्र गाव खरोखर जिंकतं. शहरातलं काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतं. ल्यूक हॉवर्ड या हौशी हवामान अभ्यासकाने 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडन आणि भोवतालच्या खेड्यांतलं तापमान मोजून हे दाखवलं होतं, आणि फरक रात्री जास्त असतो हेही. वरच्या मजल्यावर, गच्चीखाली, झाडं नसलेल्या गल्लीत घर घेत असाल तर उन्हाळ्यात एक रात्र तिथे काढून बघा.

पायरी 6: माणसं

गावात राहायला गेल्यावर पहिली गोष्ट जाते ती म्हणजे अनोळखीपणा. एकदा आमच्या अंगणातला दिवा चुकून रात्रभर जळत राहिला. सकाळी नऊच्या आत तिघांनी विचारलं, "काल तब्येत बरी नव्हती का?" मला वैताग आला. आमचा दिवा, आमची रात्र. पुढे एकदा मी बाहेरगावी असताना घरातला पंप जळाला. तेव्हा मला फोन यायच्या आधी त्यांच्यातल्याच एकाने टाकीत पाणी भरून दिलं होतं. एकाच लक्ष ठेवण्याची ही दोन टोकं. एक हवं असेल तर दुसरं गुमान घ्यावं लागतं, त्यात निवड नाही.

"गाव करी ते राव काय करी" ही म्हण लोक गावाच्या बाजूने सांगतात. नव्या माणसाने ती उलट बाजूनेही वाचावी: गाव रुसलं तर रावालाही काही करता येत नाही. म्हणून सुरुवातीचे सहा महिने चार गोष्टी सांभाळा. एक, कुणाच्या बांधाच्या, पाण्याच्या किंवा निवडणुकीच्या भांडणात मत देऊ नका. त्या भांडणाचं वय तुमच्यापेक्षा जास्त असतं. दोन, गेल्या गेल्या उंच भिंत बांधू नका. कुंपण वर्षभराने घाला, शेजाऱ्याला विचारून घाला. तीन, सुधारणा सुचवू नका. चार, मदत करायच्या आधी मदत मागा. शिडी मागा, फावडं मागा, कुठला मिस्त्री चांगला ते विचारा. मागणाऱ्याशी लोक लवकर बोलायला लागतात. देणाऱ्याकडे जरा संशयानेच बघतात.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. गावातली आपुलकी सगळ्यांना सारखी मिळत नाही. एकटी राहणारी स्त्री, लग्न न केलेलं जोडपं, वेगळ्या धर्माचं किंवा जातीचं कुटुंब, चारचौघांपेक्षा वेगळं जगणारा कुणीही, यांच्याकडे बघणारे तेच डोळे त्रासाचे होऊ शकतात. सगळ्या गावांत असं होतं असं नाही. पण हे शोधून काढायची जबाबदारी नव्या माणसावर येते, म्हणून तुमच्यासारख्याच कुणी तिथे दोन-तीन वर्षं काढली आहेत का ते आधी शोधा. कुणीच सापडलं नाही तर तेही उत्तरच आहे. अशा माणसांना शहरातली बेपर्वाई हा मोठा आसरा असतो. तिथे कुणी तुमच्याकडे बघत नाही, यासारखं सुख नाही.

त्याच बेपर्वाईत माणूस एकटाही पडतो, आणि ते उशिरा कळतं. शहरात नव्याने आलेल्याला भोवती हजारो माणसं दिसतात, आणि ताप आला की फोन कुणाला करायचा ते सुचत नाही. तिथे ओळखी आपोआप होत नाहीत, ठरवून कराव्या लागतात. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, त्याच ठिकाणी जा: व्यायामशाळा, वाचनालय, गाण्याचा क्लास, सकाळची बाग, काहीही. दहा-बारा वेळा तोच चेहरा दिसला की माणूस मान हलवतो, मग बोलतो. कामाच्या दृष्टीनेही या किरकोळ ओळखी मोलाच्या असतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त 17 टक्क्यांच्या आसपास लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. बाकीच्यांना बातमी कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून लागली. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नोकरी वारंवार बदलावी लागणाऱ्या धंद्यात असाल तर शहर सोडण्यापूर्वी यावर रात्रभर विचार करा.

पायरी 7: खर्च, थोडक्यात

गावात भाडं कमी, वाहन जास्त. शहरात भाडं जास्त, वाहन कमी किंवा शून्य. बहुतेक लोक पहिला आकडा बघतात आणि घरात दुसरी गाडी घ्यावी लागली की चकित होतात. विकत घेणार असाल तर दोन जादा प्रश्न विचारा. घरापर्यंतचा रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो आणि त्याचा हक्क कागदावर आहे का? आणि हे घर उद्या विकायचं झालं तर गेल्या दोन वर्षांत इथे किती घरं विकली गेली? शहरातलं घर महाग पण विकलं जातं. गावातल्या घराला गिऱ्हाईक मिळायला वर्षं जाऊ शकतात.

पायरी 8: मधला पर्याय, पण जपून

गाव आणि शहर यांच्यात सरळ रेघ नसते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2020 मध्ये मान्य केलेल्या पद्धतीतही तीन गट आहेत: शहर म्हणजे किमान 50,000 वस्ती आणि चौरस किलोमीटरला किमान 1,500 माणसं, त्याखाली किमान 5,000 वस्ती आणि चौरस किलोमीटरला किमान 300 माणसं अशा दाटीची मधली ठिकाणं, आणि उरलेला तो ग्रामीण भाग. या मधल्या गटातलं स्वतःच्या पायावर उभं असलेलं छोटं शहर, म्हणजे स्वतःचं रुग्णालय, शाळा, बसस्थानक आणि बाजारपेठ असलेलं, पुष्कळ घरांना सगळ्यात चांगलं मानवतं असं माझं मत आहे.

पण मोठ्या शहराच्या कडेला नव्याने उगवणाऱ्या वसाहती या गटात धरू नका. शहराची वाहतूक आणि गावाची पाणीटंचाई एकाच पत्त्यावर मिळायची असेल तर ती इथे मिळते. "दोन वर्षांत मेट्रो येणार आहे, शाळा होणार आहे, रस्ता रुंद होणार आहे" हे ऐकलंत की "होणार आहे" असलेली सगळी वाक्यं खोडा आणि जे उरेल त्यात राहायला जमेल का ते बघा.

पायरी 9: राहून बघा

घर बघायला तीनदा जा. कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला, आणि एकदा तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत. तो कुठला, ते तिथल्या लोकांना विचारा. काही ठिकाणी पावसाळा असतो, काही ठिकाणी उन्हाळा, काही ठिकाणी पर्यटकांची गर्दी. शक्य असेल तर त्याच ऋतूत पंधरा दिवस एखादी खोली घेऊन राहा, आणि सुट्टी काढून नाही, रोजची कामं करत.

चौकशी करताना दलालाला आणि घरमालकाला विचारून उपयोग नाही हे उघडच आहे. जन्मापासून तिथे असलेल्यांनाही फारसं सांगता येत नाही, कारण त्यांना तुलना माहीत नसते. दोन माणसं शोधा: दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेला एक, आणि तिथून सोडून गेलेला एक. दुसरा सापडणं कठीण, पण त्याच्या दहा मिनिटांत जे कळतं ते दहा भेटींत कळत नाही. "का सोडलंत?" असं थेट विचारू नका, लोक सभ्य उत्तर देतात. "परत गेलात तर त्याच गल्लीत राहाल का?" असं विचारा.

मग एक वर्ष भाड्याने. जुनं घर लगेच विकू नका, मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच बदलू नका, परतीची वाट महाग होईल असं काही करू नका. भाडेकरार संपायला दोन महिने उरले की सगळ्यांनी पुन्हा कागद घेऊन बसा. पहिल्या पायरीतला जुना मंगळवार समोर ठेवा आणि त्याच्या शेजारी गेल्या आठवड्यातला खरा मंगळवार लिहा. बोलायला सुरुवात गाडी न चालवणाऱ्याने करायची.

आमच्याकडे आईने सुरुवात केली. मला वाटलं होतं ती म्हणेल शहरात परत जाऊ. ती म्हणाली, "गाव चांगलं आहे रे. घर चुकलंय." तिला लोक आवडत होते, पहाट आवडत होती, फक्त ते टोक नको होतं. मग आम्ही त्याच गावात बसथांब्याजवळ दोन खोल्यांचं घर बघितलं. अंगण नाही, समोर रस्ता, थोडी धूळ. मी तोंड वाकडं केलं. आईने आत येऊन खोल्या बघायच्या आधी दारापासून थांब्यापर्यंत चालत जाऊन पावलं मोजली. 310 भरली. परत येताना पुन्हा मोजली, आणि मग चष्मा पुसत म्हणाली, "आता आत काय आहे ते दाखव."